बोटाला न लागणारा निळा

माझी सगळी नोकरी लोकांच्या संशयावर चालली. नागपूरकरांचा एक दिवस जरी फळवाल्यावर पूर्ण विश्वास बसला असता, तरी मला त्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. तसं काही झालं नाही, आणि मी रीतसर वयोमानाप्रमाणे निवृत्त झालो.

शहरातल्या एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकावर बसायचो. दूध, तेल, तिखट, हळद ही मंडळी पलीकडच्या रसायनाच्या खोलीत जायची. माझ्या खोलीत यायची फळं, आणि त्यांच्यासोबत प्रश्न एकच यायचा: हा रंग खरा आहे का? लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस हमखास ताटातली पपईची फोड पुढे करून म्हणायचा, "याचं काय?" मी ती खाऊन टाकायचो. तेवढंच उत्तर लग्नात पुरतं.

माझ्या सूक्ष्मदर्शकाला आधी प्लास्टिकचं झाकण होतं. पहिल्याच मे महिन्यात ते विरघळल्यासारखं चिकट झालं, तेव्हा ते काढून मी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची खोळ शिवून घातली. जांभळ्या रंगाची, धूपछाव. नवे लोक आले की त्या खोळीला हसायचे. मी निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती, आणि या लिखाणात ती पुन्हा येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आम्ही तांडापेठेतले कोष्टी. घरात खड्ड्याचा माग होता, म्हणजे बाबा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि कापड त्यांच्या मांडीच्या उंचीवर तयार व्हायचं. सुताच्या लड्या रंगवायचं काम आईचं. मागच्या अंगणात तिच्या रंगाच्या हंड्या उकळत असायच्या. तिची बोटं नखांच्या मुळापर्यंत रंगलेली, कधी निळी, कधी लाल, कधी दोन्ही. साबण, चिंच, राख, काहीही लावलं तरी तो रंग जात नसे. लग्नाला जायचं म्हटलं की ती हात पदराखाली घेऊन बसायची, आणि हळदीकुंकू घेताना हात पटकन बाहेर काढून पटकन आत न्यायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच बसतात.

पुढे माग बंद झाला, खड्डा मुरूम टाकून बुजवला, आणि मी वनस्पतिशास्त्र शिकून या नोकरीत आलो. बाबांना ते फारसं पटलं नव्हतं. "काचेतून पाह्यल्यानं काय होते गा? कापड हातात घेऊन पाहा लागते," असं ते म्हणायचे. त्यांच्या हयातीत मी त्यांना कधी प्रयोगशाळा दाखवली नाही. दाखवायला हवी होती, असं आता रोज वाटतं.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एकदा बेसा भागातल्या नव्या वस्तीतले एक गृहस्थ अर्धं कापलेलं टरबूज स्कूटरच्या पायाशी ठेवून घेऊन आले. घरात त्यांनी कापसाचा बोळा आतून फिरवला होता आणि तो गुलाबी झाला होता. झालं, इंजेक्शन! त्यांनी मुलांना ओकाऱ्या काढायला लावल्या होत्या. मी टरबुजाचा कागदासारखा पातळ काप काढला, काचेवर ठेवला आणि त्यांना पाहायला सांगितलं. प्रत्येक पेशीत लाल कण वेगवेगळे बसलेले, आणि पेशींच्या भिंती स्वच्छ. फळाच्या स्वतःच्या रंगाला घर असतं, तो घरातच बसतो. बाहेरून ओतलेला रंग मिळेल त्या फटीतून पसरतो, भिंती रंगवतो, नळ्या रंगवतो. गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग मी पोट्ट्याइले उगाच त्रास देल्ला."

दुसरे एक कळमन्याच्या फळबाजारातले व्यापारी. त्यांचा प्रश्न अगदी उलटा. त्यांची संत्री आतून पिकून गोड झाली होती, पण साल हिरवीच. त्या वर्षी थंडी उशिरा पडली होती. संत्र्याच्या सालीतले हिरवे कण रात्रीचा गारवा लागला की हिरवा सोडतात आणि त्याच कणांत पिवळा-नारिंगी भरतो. गारवा नाही तर हिरवा तसाच राहतो, मग आत कितीही साखर असो. शेठ हात जोडून म्हणाले, "मधुभाऊ, हे पिकलेलं हाय, एवढं लिहून द्या ना जी. लोकं गॅसच्या खोलीत घालून पिवळी केलेली नेऊन राहिले, अन् माह्या झाडावरच्या पिकल्या मालाले हात लावून नाई राहिले." मी लिहून दिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं.

म्हणजे फळात रंग असतो तो असा: कुठे कणांत, कुठे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत विरघळलेला, जसा जांभळात किंवा डाळिंबात. काही पाण्यात उतरतो, काही स्पिरिटमध्ये, पण उतरतो. मी मनातल्या मनात याला आईचा रंग म्हणायचो. हंडीत कालवलेला, सुतात मुरलेला, बोटाला लागणारा. आणि वर्षानुवर्षं मी समजत होतो की फळांच्या जगात एवढा एकच रंग आहे.

मग वनिताबाई आल्या.

थंडी सरत आली होती, महाशिवरात्र जवळ आली होती. एक पन्नाशीच्या बाई टोपलीवर ओलं फडकं टाकून आमच्या बाकावर येऊन बसल्या. फडकं बाजूला केलं आणि आतमध्ये रुद्राक्षाची ताजी फळं. ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगतो, रुद्राक्षाचं फळ मोठ्या बोराएवढं असतं आणि पिकल्यावर निळं होतं. असं तसं निळं नाही. मोराच्या मानेकडे पाहावं तसं, थोडं हाललं की सरकणारं. झाडावर असं काही वाढत असेल यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही, आणि सगळं भांडण तिथूनच सुरू झालं होतं.

वनिताबाईंची बेसाच्या बाजूला छोटी नर्सरी. तिच्या तिन्ही बाजूंनी आता इमारती उभ्या आहेत. त्यांच्या सासूबाईंनी कुठूनसं रोप आणून लावलेलं रुद्राक्षाचं झाड त्या नर्सरीत मोठं झालं, आणि दोघी सासूसुना थंडीत त्याची फळं एका महादेवाच्या मंदिराच्या दाराशी, एका दगडावर बसून विकायच्या. सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्या एकट्या बसतात. बाजारात लाकडाचे कोरलेले, चिकटवलेले खोटे रुद्राक्ष ढिगाने मिळतात, म्हणून यांचं म्हणणं साधं होतं: फळच घ्या, घरी नेऊन तुम्हीच सोला, आतून मणी तुमच्या हातानं काढा. फसवायला जागाच नाही. मला तर ही विक्रीची पद्धत फार आवडली.

पण एका गिऱ्हाइकाने घरी नेऊन फळाची साल खलबत्त्यात ठेचली आणि त्याचा व्हिडिओ काढला. ठेचली तशी निळाई गेली. उरला हिरवट मातकट चिखल. "पाहा, देवाच्या दारात कसा रंग लावून माल विकून राहिले!" असं तो माणूस व्हिडिओत सांगत होता. तो व्हिडिओ मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या फोनवर फिरला. मंदिराचे विश्वस्त शेषरावजी भला माणूस, पण त्यांनीही सांगितलं की तपासणीचा कागद आणल्याशिवाय दाराशी बसू नका, महाशिवरात्रीला ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ.

"साहेब, मी कायले रंग लावू?" वनिताबाई म्हणाल्या. "त्या दगडावर माही सासू बसे, मी बसतो. आता दारातून जातो त लोकं तोंड फिरवून राहिले. जागा गेली त मी कोठी बसू? घरी बसून फळं पोपटाइले खाऊ घालू काय?"

आमच्या प्रमुख घाटे मॅडम. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, रसायनशास्त्रातल्या, आणि आपल्याला जे माहीत नाही ते मोकळेपणाने 'माहीत नाही' म्हणणाऱ्या. आम्ही दोघांनी काम सुरू केलं. फळं पाण्यात ठेवली: पाणी स्वच्छ. स्पिरिटमध्ये ठेवली: स्पिरिट हिरवट झालं, निळं नाही. मग आमची जुनी भरवशाची चाचणी, जी करताना मला नेहमी घरच्या हंड्या आठवायच्या. सालीचा काढा करून त्यात जरासं आम्ल टाकायचं आणि पांढऱ्या लोकरीचा धागा उकळायचा. मिठाईत, सरबतात घालतात तसला बनावट रंग असेल तर तो धाग्याला धरून बसतो. आमचा धागा बाहेर आला तो पांढराच, थोडासा मळका.

मॅडम म्हणाल्या, "छान. लावलेला रंग नाही."

"नाही," मी म्हणालो. "पण मॅडम, फळाचा स्वतःचाही निळा उतरला नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खलात साल घोटली, तर व्हिडिओत झालं तेच झालं. निळा गेला. त्या माणसाने खोटं काहीच दाखवलं नव्हतं. मग मी माझं हुकमी काम केलं: साल हलू नये म्हणून ती पपईच्या देठात धरून पात्याने पातळ काप काढले, काचेवर घेतले, खालचा दिवा लावला आणि डोळा लावला. वरची पारदर्शक त्वचा, खाली हिरव्या कणांनी भरलेल्या पेशी, त्याखाली गर. सगळं नीटस, पुस्तकात असतं तसं. निळं काहीच नाही. एक कण नाही, एक पिशवी नाही. टोपलीतलं फळ निळं, आणि त्याच फळाचा काप हिरवा. अख्ख्या नोकरीत असं झालं नव्हतं.

अडचण आता वेगळीच होती. आम्हाला दिसलं ते लिहायचं म्हटलं तर लिहावं लागणार होतं की या फळात निळा रंगच नाही. ते वाक्य शेषरावजींनी वाचलं की वनिताबाईंचा दगड गेला. जे फळ निळं दिसतं पण ज्यात निळं नाही, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

बाहेर जाऊन मी वनिताबाईंना सांगितलं की अजून वेळ लागेल. माझा चेहरा वाचून त्या जवळ सरकल्या आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "साहेब, खरं सांगा. माह्या सासूनं त झाडाच्या बुडाशी काई टाकलं नसन ना? ते मोठी खटपटी होती जी. तिचं काई सांगता येत नाई."

मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. आयुष्यभर एका झाडाखाली काढलेल्या बाईला एका व्हिडिओने सासूवर संशय घ्यायला लावलं होतं. "नाई हो बाई," मी म्हणालो, "झाडाले मुळातून रंग पाजता येत नाई. तुमी घोर नोका करू."

आत आलो तेव्हा मॅडम काच हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती वर उचलून ट्यूबलाइटसमोर धरली होती आणि एक डोळा मिटून आरपार पाहत होत्या. "मधुभाऊ, गेला कुठे निळा?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजेडाच्या आड धरून पाहू नोको, भोकं दिसतील."

मॅडम दचकल्या. मीही. ते वाक्य माझं नव्हतंच. लहानपणी बाबांनी विणलेलं कापड मी दाराशी नेऊन असंच उन्हाच्या आड धरायचो, कारण त्यातून सूर्य बारीक बारीक ठिपक्यांचा दिसायचा, आणि बाबा मागावरून ओरडायचे ते हे. ते स्वतः कापड असं कधीच पाहत नसत. हातावर आडवं टाकायचे, दाराकडे पाठ नाही, तोंड नाही, जरा तिरपे उभे राहायचे, आणि हात हळूच फिरवायचे. खास करून धूपछाव असली तर. बाबांची धूपछाव जांभळी दिसायची, पण घरात जांभळं सूत एक लडीही नसायचं. ताणा, म्हणजे उभं सूत, लाल; बाणा, म्हणजे आडवं, निळा; दोन्ही आईने रंगवलेले. आड धरलं की नुसती जाळी. तिरप्या उजेडात फिरवलं की जांभळा उभा राहायचा आणि हलायचा.

आम्ही सूक्ष्मदर्शकवाले सगळे जन्मभर वस्तू उजेडाच्या आडच धरतो. दिवा खाली, वस्तू मध्ये, डोळा वर. कणातला रंग, पाण्यातला रंग त्यात नीट दिसतो, म्हणून आपल्याला दुसऱ्या उजेडाची आठवणच होत नाही. मी मॅडमना माफ करा म्हटलं, खालचा दिवा बंद केला, सालीचा सुका तुकडा काचेवर ठेवला, आणि टेबलावरचा दिवा बाजूने, तिरपा लावला. मग डोळा लावला.

निळं. एकेक पेशी निळी, कुठे गडद, कुठे हिरव्याकडे झुकलेली, आणि काच जरा सरकवली की त्या निळ्यातून झळाळी धावत जायची. मी किती वेळ पाहत बसलो मला माहीत नाही. मॅडमनी खांद्याला हात लावून बाजूला केलं, स्वतः पाहिलं, आणि फक्त "अरे देवा" म्हणाल्या. खालचा दिवा लावला, निळा गेला. बंद केला, आला. आम्ही दोन मोठी माणसं तो दिवा लहान मुलांसारखे लावत-बंद करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम वाचून आल्या. रुद्राक्षाच्या सालीत, वरच्या भिंतीच्या लगेच खाली, अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. आमच्या सूक्ष्मदर्शकाला ते थर दिसत नाहीत, त्याला फार मोठं यंत्र लागतं. आपल्याला दिसते ती फक्त त्यांची करामत. उजेड आत शिरला की प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत फिरतो. थरांमधलं अंतर असं नेमकं असतं की परतणाऱ्या उजेडातला निळा एकमेकाला जोर देतो. बाकीचे रंग खाली उतरतात आणि तिथल्या हिरव्या कणांच्या पोटापाण्याच्या कामी येतात. फळात निळं असं काही नाहीच. आहे ती रचना. साल ठेचली की थर मोडतात, आणि निळा राहायला जागाच उरत नाही.

"म्हणजे हा रंगवलेला नाही, विणलेला आहे," मी म्हणालो. इतकी वर्षं आईचा रंग तपासला होता. बाबांचाही असतो हे त्या दिवशी कळलं. बाबा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि मी चष्मा काढून पुसत बसलो.

वनिताबाईंना आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकात कसं पाहायचं हे पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. त्यांनी पाहायचा डोळा मिटला आणि दुसरा उघडा ठेवला. मग जमलं. "बाप्पा!" त्या म्हणाल्या. "हे माह्याच झाडाचं हाय?" पुन्हा पाहिलं. मग मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे सासूनं काई केलं नव्हतं." आणि तिथेच पदराने डोळे पुसू लागल्या.

मॅडमनी अहवाल लिहिला: कृत्रिम रंग आढळला नाही, फळाचा निळा रंग सालीच्या नैसर्गिक रचनेमुळे आहे. अचूक आणि सरळ. तो कागद घेऊन शेषरावजी स्वतःच आमच्याकडे आले, सोबत वनिताबाई.

"मधुकरराव, हे रचना म्हणजे काय हाय?" त्यांनी विचारलं. "मी दारात उभा राहून लोकाइले काय सांगू? रंग हाय का नाई?"

"दिसते, पण नाई."

"असं कसं होईन? दिसते म्हणजे असनच ना जी! लावला नाई, आतमध्ये नाई, मंग आला कोठून?"

मी त्यांना सूक्ष्मदर्शक दाखवला. त्यांना तो यंत्राचा खेळ वाटला, आणि वाटणारच, कारण यंत्र माझं होतं आणि दिवाही मीच लावत होतो. मग मी बाजूला पडलेली खोळ उचलून त्यांच्या हातात दिली.

"हा रंग कोणता?"

"जांभळा."

"यातला एक जांभळा धागा काढून द्या."

शेषरावजींनी चष्मा नाकावर खाली घेतला, खोळ गुडघ्यावर पसरली आणि नखाने एक धागा सोडवला. लाल. आडवा एक ओढला. निळा. पुन्हा एक उभा, लाल. त्यांनी ते तिन्ही धागे तळहातावर ठेवून पाहिले, खोळ खिडकीशी नेऊन हालवली, आणि हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. "अरे, हे त माह्या मायच्या लुगड्यासारखं हाय," ते म्हणाले. "तिचंबी असंच चमके." आमच्या वयाच्या प्रत्येक नागपुरी माणसाच्या आईचं एक लुगडं असं असतंच. त्यांना समजलं. खोळीत त्या दिवशी एक विरळ जागा पडली, ती मी कधी रफू केली नाही.

"मले समजलं," शेषरावजी म्हणाले. "पण गर्दीत मी एकेकाले लुगडं उसवून दाखवू काय? त्या व्हिडिओत त ठेचून दाखवलं हाय ना. लोकं ठेचलेलं पाहतात."

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्याकडे तो व्हिडिओ मागितला आणि आम्ही चौघं छोट्या पडद्यावर वाकून तो पुन्हा पाहू लागलो. बत्ता आपटतो. निळा जातो. माणूस चिखल बोटात घेऊन कॅमेऱ्यापुढे धरतो आणि ओरडतो. मी तिथे थांबवलं.

माझ्या डोळ्यांपुढे आईचे हात आले. साबण, चिंच, राख.

"याची बोटं पाहा," मी म्हणालो. "इतकं ठेचलं, चोळलं, बोटात घेतलं. निळा लागला कोठी? लावलेला रंग असता त नखात बसला असता. आठ दिवस निघाला नसता. मी रंगवाल्याच्या घरचा हाव, मले इचारा."

शेषरावजींनी फोन अगदी नाकाशी नेला. त्या माणसाची बोटं हिरवट, चिकट, पण निळ्याचा एक ठिपका नाही. सगळ्या शहराने तो व्हिडिओ पाहिला होता, आम्हीही पाहिला होता, आणि बोटं कुणीच पाहिली नव्हती. वनिताबाईंनी आपला उजवा हात उघडून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, तेवढंच.

महाशिवरात्रीला सकाळी मी मुद्दाम त्या मंदिरात गेलो. रांग रस्त्यापर्यंत आली होती. दाराशी, त्याच दगडावर, वनिताबाई बसलेल्या. पुढे निळ्या फळांची टोपली, आणि टोपलीच्या शेजारी एक लहानसा खलबत्ता. गिऱ्हाईक वाकलं की त्या भाव सांगायच्या आधी फळ उचलायच्या, थोडी साल काढून खलात टाकायच्या आणि स्वतःच ठेचायच्या.

"पाहा, रंग गेला," त्या म्हणत होत्या. "थो व्हिडिओ पाह्यला ना तुमी? थेच हाय हे. आता माही बोटं पाहा." दोन बोटांत तो चिखल चोळायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या आणि हात उंच करायच्या, सगळ्यांना दिसेल असा. "लावलेला असता त लागला असता ना वं बाई! पाहून घे."

लोक वाकून बोटं पाहत होते. ज्या कृतीने त्यांना उठवलं होतं, तीच त्या दिवसभर करत बसल्या होत्या. शेषरावजी मागे उभे राहून रांग सरळ करत होते आणि मधूनच जाणकारासारखे सांगत होते, "धूपछाव समजते का तुमाले? तसंच हाय हे."

मी दिसताच वनिताबाईंनी हात तसाच वर धरून मला दाखवला आणि हसल्या. इतका मोकळा, पाचही बोटं पसरलेला हात. मला एकदम गलबलून आलं. आमच्या घरचा सच्चा रंग आईच्या बोटांना लागला होता, तर ती जन्मभर हात लपवत बसली. तिला कधी कुणी सांगितलं नाही की बाई, वर कर हे हात, दिसू दे लोकांना. बाबांनी नाही, मीही नाही.

वनिताबाईंनी दाम घेतले नाहीत. एक फळ माझ्या हातात ठेवलं, चांगलं टपोरं, देठाला पान असलेलं. मी देवाला न वाहता ते तसंच घरी नेलं आणि आईच्या फोटोपुढे ठेवलं. काकाच्या लग्नातला फोटो आहे. सगळ्या बायका ओळीने बसल्या आहेत, आणि आईचे हात पदराखाली आहेत.